वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पूर्वतयारी : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

शिक्षणासाठी परकी भाषा आत्मसात करणे ही आपल्या भागातील मुलांस नवी गोष्ट नव्हे. बिदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा उस्मानिया विद्यापीठाचे उच्च शिक्षण उर्दूतून चाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले व कारभाराची भाषा कन्नड झाली. घरी मराठी, बाजारात कन्नड व दखनी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी आपल्या मुलांची स्थिती आजही आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी 'नीट' या प्रवेशपरीक्षेची तयारी कशी करावी, याचा विचार ही स्थिती ध्यानी घेऊनच केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

परीक्षेचे बदललेले स्वरूप

ही अखिल भारतीय परीक्षा प्रथम २०१३ साली झाली. २०२१ ते २०२४ या वर्षांत प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न असत व त्यांतील १८० सोडवावयाचे असत. प्रत्येक विभागात शेवटच्या १५ प्रश्नांपैकी कोणतेही १० निवडण्याची मुभा होती. २०२५ साली ही मुभा गेली. पदार्थविज्ञानाचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ व जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न, सर्व अनिवार्य, आणि वेळ १८० मिनिटे. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. एकूण गुण ७२०.

या बदलाचा अर्थ नीट समजून घ्यावा. पूर्वी एखादा न आवडणारा धडा वगळून निभाव लागत असे. आता वगळलेला धडा म्हणजे हातचे गेलेले गुण. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासही ६८६ गुणच मिळाले. तेव्हा चार-दोन धडे पक्के करण्यापेक्षा सर्व धडे एकदा समजून, मग पुनःपुन्हा वाचणे हेच श्रेयस्कर.

शब्द आणि अर्थ

आपल्या मराठी शाळांतून दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकविले जाते. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षी मात्र तेच विज्ञान एकदम इंग्रजीतून येते. हुशार मुले येथेच अडखळतात. त्यांना विषय कळत नाही असे नव्हे. ओळखीचा विषय नव्या नावाने आल्यामुळे ती बिचकतात, इतकेच.

यावर उपाय सोपा आहे. दहावीची परीक्षा संपताच एक वही घालावी व तीन रकाने आखावे. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात आपल्या बोलीतील एक ओळीचा अर्थ. पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, परासरण म्हणजे ऑस्मॉसिस, रोहिणी म्हणजे आर्टरी. रोज दहा शब्द लिहिले तरी दोन महिन्यांच्या सुटीत सहाशे शब्द होतात.

काही शब्द मात्र फसवे असतात. घरात 'कार्य' म्हटले म्हणजे लग्नमुंज. पदार्थविज्ञानात बल लावून वस्तू सरकली तरच कार्य झाले. डोक्यावर ज्वारीचे पोते घेऊन एका जागी तासभर उभा राहिलेला हमाल घामाघूम होतो, परंतु त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य! 'चाल' व 'वेग' आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात वेगाला दिशा असते, चालीला नसते. भालकीहून बिदरला जाऊन मोटार परत भालकीस आली, तर तिची सरासरी चाल काही तरी निघेल, पण सरासरी वेग शून्य येईल. असे भेद मराठीत एकदा पटले की इंग्रजी प्रश्नात चूक होत नाही.

प्रश्नपत्रिकेची भाषा

ही परीक्षा १३ भाषांत होते व त्यांत मराठी आहे. परंतु एक अट पुष्कळ पालकांच्या ध्यानी येत नाही. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते; कर्नाटकातील केंद्रांवर इंग्रजी व हिंदीखेरीज कन्नड व उर्दू. मराठी पत्रिका हवी असल्यास लातूर, नांदेड वा सोलापूर असे केंद्र मागावे लागते. शिवाय भाषांतरात काही संदेह निघाल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण धरतात. म्हणून पी.यू.सी. इंग्रजीतून केलेल्या मुलाने इंग्रजी पत्रिका घेणे बरे, असे आमचे मत आहे. विचार मात्र त्याने खुशाल मराठीत करावा. हा निर्णय अर्ज भरण्यापूर्वीच घरी बसून करावा.

वेळ आणि उणे गुण

दर प्रश्नास एक मिनिट मिळते. पण सर्व प्रश्न सारखे नसतात. जीवशास्त्रास ५० मिनिटे, रसायनास ५० व पदार्थविज्ञानास ६० दिली तर २० मिनिटे तपासणीस उरतात. अर्धवट सुटलेल्या गणितास चिकटून बसू नये. खूण करून पुढे जावे.

उत्तर येत नसता अंदाज करावा काय? हिशेब पाहा. चार पर्यायांपैकी एकही बाद करता येत नाही असे ४० प्रश्न डोळे मिटून सोडविले, तर सरासरीने १० बरोबर येतील : ४० मिळाले, ३० गेले, हाती १०. नशीब फिरून ५ च बरोबर आले, तर उलट १५ गुण जातील. परंतु प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर सरासरीने २० बरोबर येऊन ८० मिळतात व २० जातात, हाती ६० राहतात. तात्पर्य, अर्धे ज्ञानही उपयोगी पडते. निव्वळ जुगार नव्हे.

कागदपत्रे

अभ्यासाइतकेच महत्त्व कागदपत्रांस आहे. घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये कल्याण कर्नाटकातील महाविद्यालयांत ७० टक्के जागा स्थानिकांस राखीव असतात व राज्यातील इतर ठिकाणी ८ टक्के. त्याचे प्रमाणपत्र असिस्टंट कमिशनरच्या कचेरीतून मिळते. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांस ग्रामीण राखीव जागांचा लाभ मिळतो. त्यासाठी दहाही वर्षांचे दाखले लागतात. हे काम दहावीतच उरकावे.

अकरावीसाठी मुलास लातुरास पाठविताना नियम आधी वाचावे. महाराष्ट्राच्या कोट्यास सामान्यतः दहावी व बारावी दोन्ही त्याच राज्यातून लागतात. वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद आहे. आपले गाव त्या यादीत आहे किंवा नाही, हे त्या वर्षाच्या माहितीपत्रकात पाहावे. ऐकीव माहितीवर विसंबून एकीकडचा हक्क सोडावा व दुसरीकडचाही मिळू नये, असे होता कामा नये.

१९६३ साली कलबुर्गीस महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज बिदर व कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दारी आलेल्या या संधीपासून आपली मुले केवळ शब्दांच्या किंवा दाखल्यांच्या अडचणीने वंचित राहू नयेत. ट्रस्टच्या सभासदांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, कचेरीतील अनुभवी मंडळी आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात दहावी झालेल्या एकेका मुलास रोज अर्धा तास दिला, कोणी शब्दांची वही तपासली, कोणी अर्ज भरून दिला, तर महोत्सवाच्या मांडवापेक्षा ते काम अधिक काळ टिकेल, अशी आमची खात्री आहे.