गोमेचे पाय मोजा

मंडळी, गोम कोणाला ठाऊक नाही? सरपण उचलावे, दगड सरकवावा, ओला पेंढा ओढावा, की ती सळसळत बाहेर येते. पण एखाद्या दिवशी भलत्याच रंगाची गोम निघते. अंगावर एक पट्टा काळा, एक नारिंगी. पायसुद्धा नारिंगी. मग आळीत बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, "ही नवीनच जात आली." कोणी म्हणतो, "ही चावली की माणूस संपलाच." यात खरे किती? ते कसे ठरवायचे? आज हेच शिकू.

रंग का फसवतो?

आपल्या देशात सगळीकडे आढळणारी एक मोठी गोम आहे. तिचे शास्त्रीय नाव स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली ते ठेवले. ही एकच जात, पण एका ठिकाणी ती पिवळसर तपकिरी दिसते, तर दुसऱ्या ठिकाणी हिरवट काळी. पिलाचा रंग वेगळा, मोठीचा वेगळा. गोम वाढताना कात टाकते. नुकतीच कात टाकलेली गोम फिकट दिसते. शिवाय अभ्यासासाठी स्पिरिटमध्ये ठेवलेल्या गोमेचा रंग काही काळाने उडतो. म्हणून जाणकार माणूस रंग पाहतो, पण केवळ रंगावर निकाल देत नाही.

काळ्या-नारिंगी पट्ट्यांची गोमही काही नवी नव्हे. दक्षिण भारतात ती पूर्वीपासून आहे. तिचे नाव स्कोलोपेंड्रा हार्डविकी. न्यूपोर्ट या शास्त्रज्ञाने १८४४ साली तिची नोंद केली. पट्ट्यांमुळे इंग्रजीत तिला वाघाची उपमा देतात. मात्र पट्टे दिसले की तीच, असेही लगेच म्हणू नये. बाकीच्या खुणा जुळल्या पाहिजेत.

खुणा कोणत्या?

एक. अंगाचे एक कडे पाहा. गोमेच्या एका कड्याला पायांची एकच जोडी असते. पावसाळ्यात दिसणारा 'पैसा' किडा, ज्याला काही भागात वाणी म्हणतात, त्याच्या बहुतेक कड्यांना दोन-दोन जोड्या असतात. डिवचले की तो गोल वेटोळे करतो. तो चावत नाही. तो गोम नव्हे.

दोन. पायांच्या जोड्या मोजा. वर सांगितलेल्या दोन्ही मोठ्या गोमींना २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय असतात. घराच्या ओलसर भिंतीवर लांब लांब पायांची एक गोम पळते, तिला १५ जोड्या. मातीत राहणारी दोऱ्यासारखी बारीक गोम असते, तिला २७ पासून १९१ पर्यंत जोड्या असू शकतात. १५, २१, २७, १९१. सगळे आकडे विषम आहेत, हे ध्यानात आलं का? गोमेच्या जोड्या नियमाने विषमच असतात. शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, आणि ५० तर सम. म्हणजे तिला शतपाद म्हणतात खरे, पण बरोबर शंभर पायांची गोम सहसा मिळायची नाही!

एखादा पाय तुटलेला असेल तर? गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असे आपण म्हणतोच. अशा वेळी पायाची कडी मोजावी.

तीन. डोके आणि शेवट पाहा. मिशांचे सांधे किती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बारीक डोळे आहेत का, शेवटच्या पायांवर काटे कसे आहेत, हे जाणकार भिंगातून पाहतात. तेव्हा कुठे जात ठरते.

गोम हाताने कधीही धरू नका. लांबूनच मोबाइलवर फोटो काढा, तो मोठा करा आणि सावकाश मोजा. तिला मारायचे कारण नाही. ती झुरळे आणि किडे खाते. मादी आपल्या अंड्यांना आणि पिलांना विळखा घालून राखण करते.

चावली तर?

गोमेचे विष पायापायांत नसते आणि शेपटीतही नसते. तोंडाजवळ दोन नांग्या असतात, त्यांत असते. वेदना फार होतात, सूज येते. पण माणूस दगावणे फारच विरळा. जागा साबण-पाण्याने धुवा. सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकले की ठणका कमी होतो. कापू नका, बांधू नका. लहान मूल असेल, दम लागला, चक्कर आली किंवा सूज पसरली, तर दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावते. दिवा लावेपर्यंत ते निघून जाते. घरचे म्हणतात, "गोमच असेल, झोप आता." खरी गोम इथेच आहे! मण्यार साप रात्रीच चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, दातांची खूणही कधी दिसत नाही. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडकतो. म्हणून डोळ्यांनी पाहिले नसेल, तर "गोमच" म्हणू नका. शेकत बसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि तडक सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचे औषध तेथे मिळते.

पाहिले, मोजले, मग नाव घेतले. ही सवय लावून घ्या.

प्रश्न

१. केवळ रंगावरून गोमेची जात का ठरवू नये?
२. गोम आणि पैसा किडा यांत फरक कोणता?
३. २१ जोड्या म्हणजे किती पाय?
४. रात्री काय चावले ते दिसले नाही, तर तुम्ही काय कराल? चार ओळी लिहा आणि घरी वाचून दाखवा.