शितावरून भाताची परीक्षा : केव्हा खरी, केव्हा खोटी?



पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात गुळाचा सौदा होताना खरेदीदार एकूण एक ढेप फोडून पाहत नाही. एका शेतकऱ्याच्या मालातली एखाद-दुसरी ढेप घेतो, रंग, कणी, चव बघतो आणि भाव बोलतो. हे त्याला परवडतं, कारण एकाच गुऱ्हाळाच्या, एकाच आधणाच्या ढेपा एकमेकींसारख्या असतात. पण तेवढ्यावरून यार्डात आलेल्या साऱ्या गुळाची प्रत काही तो ठरवणार नाही. त्यासाठी दहा गाळे हिंडावे लागतात.

हा सारखेपणा आकड्यात मोजता येतो. त्याला संख्याशास्त्रात गटांतर्गत सहसंबंध किंवा इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात भावाभावांच्या मोजमापांवरून तो समजावून दिला. आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या नमुना पाहण्या देशात रुजवल्या. तिथेही प्रश्न हाच : गावे किती घ्यावीत आणि प्रत्येक गावातली शेते किती?

आता हिशेब उसावर करून पाहू. एकाच जातीच्या, एकाच महिन्यातल्या लागणीचे चार प्लॉट घेतले. प्रत्येकातून तीन ऊस काढून हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहिला. (आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत.)

पहिला प्लॉट : १८, १९, २० – सरासरी १९
दुसरा प्लॉट : २०, २१, २२ – सरासरी २१
तिसरा प्लॉट : १६, १७, १८ – सरासरी १७
चौथा प्लॉट : १८, १९, २० – सरासरी १९

सर्वांची मिळून सरासरी १९.

पायरी १ : प्लॉटाप्लॉटांतील फरक. प्रत्येक सरासरीतून १९ वजा केले की ०, २, उणे २, ० उरतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ८. प्रत्येक प्लॉटात तीन ऊस, म्हणून ८ गुणिले ३ म्हणजे २४. प्लॉट चार, त्यातून एक वजा, म्हणून २४ ला ३ ने भागले. उत्तर ८.

पायरी २ : प्लॉटच्या आतील फरक. प्रत्येक उसाचा आकडा त्याच्याच प्लॉटच्या सरासरीतून वजा करून वर्ग केले. प्रत्येक प्लॉटचे २, चारांचे ८. प्रत्येक प्लॉटमागे तीनातून एक वजा, म्हणजे एकूण भाजक ८. उत्तर १.

पायरी ३ : वर ८ वजा १, म्हणजे ७. खाली ८ अधिक (तीनातून एक वजा, म्हणजे २) गुणिले १, म्हणजे १०. सातला दहाने भागले की ०.७.

याचा अर्थ असा, की ब्रिक्समधल्या एकूण फरकापैकी ७० टक्के फरक प्लॉट बदलल्यामुळे आहे आणि फक्त ३० टक्के एकाच प्लॉटमधल्या उसाउसांत आहे. उत्तर १ च्या जवळ आले तर प्लॉटमधले ऊस अगदी सारखे. ० च्या जवळ आले तर कोणत्याही प्लॉटातला ऊस घ्या, सारखंच. उत्तर उणे आले तर ० धरतात. प्लॉटच्या वर गाव, गावाच्या वर गट, असे स्तर चढवले तरी तत्त्व हेच. खऱ्या कामाला मात्र चार प्लॉट फारच थोडे.

याचा उपयोग काय? प्रत्येक प्लॉटमधल्या उसांच्या संख्येतून एक वजा करा, ०.७ ने गुणा, त्यात १ मिळवा. तीन उसांना २.४ येतात. बारा उसांना २.४ ने भागले की ५. म्हणजे साऱ्या गटाचा अंदाज बांधताना आपले बारा ऊस पाच वेगवेगळ्या प्लॉटांतल्या एकेका उसाइतकेच मोलाचे. त्याच चार प्लॉटांतून तीनऐवजी तीस-तीस ऊस मोडले, म्हणजे एकूण १२०, तरी मोल साडेपाचाच्या आसपासच राहते! उलट बारा प्लॉटांतून एकेक ऊस घेतला, तर बारांचे मोल पुरते बारा.

म्हणून गटातला ऊस पक्व झाला का, हे पाहताना एका फडात ढीगभर ऊस मोडू नयेत. जास्त फड फिरावेत. आणि शेजारच्या प्लॉटच्या ब्रिक्सवरून आपली तोडणी पुढे-मागे होत असेल, तर "माझ्या फडातला ऊस तपासा" असे सभासदाने जरूर म्हणावे. ते म्हणणे हिशेबाला धरूनच आहे. फक्त नमुना देताना बांधाकडेचा ऊस देऊ नका. आत शिरून तीन वेगवेगळ्या सरींतून काढा.