फळांच्या सालीचा मुरघास

फटाक्यांमुळे तेरखेड्याचे नाव दूरवर गेले आहे. पण आपल्या वाशी-भूम भागातील कितीतरी घरे दुधावर आणि खव्यावर चालतात. चारा संपला की दूध आटते. दूध आटले की खव्याची भट्टी थंड पडते. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. २०१३ साली आपल्या जिल्ह्यात जनावरे छावणीत न्यावी लागली. अशा वेळी दावणीची गाय मिळेल त्या किमतीला विकावी लागते.

म्हणून चारा मिळतो तेव्हाच तो साठवून ठेवायचा. हिरवा चारा हवा लागू न देता दाबून ठेवला, तर तो सडत नाही. लोणच्यासारखा मुरतो, आंबट होतो आणि टिकतो. त्यालाच मुरघास म्हणतात. मक्याचा आणि कडवळाचा मुरघास पुष्कळांना ठाऊक आहे. फळांच्या सालीचाही मुरघास होतो.

मोसंबीचा रस काढला की साल आणि चोथा उरतो. आंब्याची साल उरते. अननसाची साल आणि गाभा उरतो. हे सारे उकिरड्यावर जाते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने अननसाच्या अशा टाकाऊ भागाचा मुरघास करून गाईंना चारला. मक्याच्या हिरव्या चाऱ्याच्या जागी तो चालतो, असे दिसले.

कोणी म्हणेल, “सडकं गाईला घालायचं व्हय?” नाही. साल ताजी असतानाच भरायची. दोन दिवस उन्हात पडलेली साल घ्यायची नाही.

आता रीत पाहू.

१. साल त्याच दिवशी आणा. कोयी, पिशव्या, दोऱ्या, काड्या वेचून काढा. कोय गाईच्या घशात अडकते.

२. शंभर किलो सालीत ८० किलोंच्या आसपास पाणी असते. नुसती साल दाबली तर पाणी गळते आणि दारूसारखा वास येतो. म्हणून ४ भाग सालीत १ भाग कुट्टी केलेला कडबा मिसळा.

३. मिश्रण मुठीत दाबा. पाणी ठिबकले तर आणखी कडबा घाला. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओला झाला, तर मिश्रण बरोबर आहे.

४. मुरघासाच्या पिशवीत किंवा झाकणाच्या पिंपात थर देऊन भरा. प्रत्येक थर पायाने तुडवा. हवा राहिली तर बुरशी येते.

५. तोंड घट्ट बांधा. दीड महिना उघडू नका. उंदराने पाडलेले भोक लगेच बुजवा.

चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो. काळा पडलेला किंवा बुरशी आलेला भाग फेकून द्या. तो कोणत्याच जनावराला घालू नका. गाभण गाईला तर मुळीच नको.

पहिल्या दिवशी २ किलो द्या. आठवड्याभरात १० किलोंपर्यंत वाढवा. धार काढल्यावरच द्या, नाहीतर दुधाला वास लागतो आणि खव्यालाही लागेल. सालीत अंग धरण्याचे सत्त्व कमी असते, म्हणून पेंड आणि सुका चारा चालूच ठेवा.

आता हिशेब करा. १००० किलो साल आणि २५० किलो कडबा मिळून १२५० किलो झाले. थोडी नासाडी धरली, तरी २ गाईंना जवळजवळ ८ आठवडे पुरते.

पण साल फार लांबून आणू नका. साल म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्याला भाडे कोण देईल? हमरस्त्यावरच्या आणि बार्शीच्या रसाच्या दुकानांत आधी विचारा. चार घरांनी मिळून एकच गाडी आणली तर भाडे वाटले जाते. साल मिळालीच नाही, तर हीच रीत मक्याला आणि कडवळाला लावा. ती हिरवी असताना थोडी सुकू द्या, कुट्टी करा आणि दाबा. त्यांत कडबा मिसळावा लागत नाही.

आज जे उकिरड्यावर जाते, ते पाऊस लांबला तर आपली गाय दावणीला ठेवील.

प्रश्न
१. सालीत कडबा का मिसळायचा?
२. मुरघास धारेच्या आधी का देऊ नये?
३. तुमच्या घरी ३ गाई आहेत. प्रत्येकीला रोज १० किलो दिला, तर ३० दिवसांना किती किलो मुरघास लागेल?