कोयता मोजायच्या आधी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "अक्का, या वर्षी मीपण ऊसतोडीला जाणार," आणि मग गप्पच झालीस. तुझ्या त्या गप्प बसण्यानं मला रात्रभर झोप नाही. म्हणून लिहायला बसले. हे मायपासून लपवून वाचू नकोस, तिला वाचून दाखव.

आबांनी मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेतली, हे मला कळलंय. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांच्यासोबत तेरा-चौदा वर्षांची लेक गेली की टोळीत तिला अर्धा कोयता धरतात. आबा तुझ्यावर कमी माया करतात म्हणून हे होत नाही, बाळा. उचल फेडायची असते, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि हात जितके जास्त तितकी उचल लवकर फिटते. मला तोच हिशेब लागला होता, नववीत.

आठवीपर्यंत मी कशी टिकले, ते तुला ठाऊक नाही, तू फार लहान होतीस. दसरा झाला की वडवणीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या ओस पडायच्या. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, शेळ्या, लेकरं. मी आजीजवळ राहिले, कारण शाळेत हंगामी वसतिगृह होतं. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नाही गं. शाळेतच सकाळ-संध्याकाळ जेवण मिळायचं आणि झोपायला आजीकडे. पहिला आठवडा मी रडून काढला. एका वर्षी तर ते दिवाळीनंतर सुरू झालं, तोवर आजीनं शेजारून पीठ उसनं आणून मला खाऊ घातलं. तरी सांगते, त्या दोन वेळच्या जेवणानं मला शाळेत धरून ठेवलं.

आठवी संपली आणि ते जेवण थांबलं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांपुरता. फुकट पुस्तकं, हंगामी वसतिगृह, सगळं आठवीपाशी येऊन थांबतं. पोर उसाची मोळी उचलण्याएवढी होते तेव्हाच सरकार हात आखडतं, याचा मला आजही संताप येतो. त्या वर्षी मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडात होते. पहाटे चारला कोपीतून निघायचं, रात्री गाडी भरायची. पाडव्याला परत आले तेव्हा हजेरीपटावर माझं नाव नव्हतं.

तू मात्र आत्ता आठवीत आहेस. कायदा या वर्षी तुझ्या बाजूनं उभा आहे, हे आबांना नीट सांग. हंगामी वसतिगृहाची यादी टोळ्या निघायच्या आधी होते, म्हणून उद्याच मुख्याध्यापकांकडे जा. तुझं आणि शाळेतल्या धाकट्याचं, दोघांची नावं घाल. ते नाही म्हणाले तर वडवणीला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं. तिथे मी येईन तुझ्यासोबत.

आणि एनएमएमएस शिष्यवृत्तीचा फॉर्म भर. ही परीक्षा आठवीतच देता येते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट खात्यात येतात. परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. म्हणजे आपली लेकरं नेमकी फडात असतात तेव्हा. कितीतरी हुशार पोरी या एवढ्याशा कारणानं हुकल्या असतील, विचार कर.

पुढच्या वर्षाचीही वाट आत्ताच बघून ठेवायची. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, तालुक्याला एक मुलांचं आणि एक मुलींचं, प्रत्येकात १०० जागा. सगळी काही एकदम उघडली नाहीत. पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातली बीड, केज, पाटोदा अशी ठिकाणं होती. बीडला समाजकल्याणच्या कार्यालयात मी स्वतः चौकशी करते. आबांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र ग्रामसेवकाकडून काढून घ्यायला सांग, वसतिगृहासाठी ते विचारतील. घरूनच जाऊन-येऊन शिकायचं ठरलं, तर मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट आहे.

इतकं करूनही जावंच लागलं, तर रिकाम्या हातानं ट्रकमध्ये बसू नकोस. शाळेतून शिक्षण हमी कार्ड घे. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं, आणि दाखला आला नाही म्हणून तुला कुणी परत पाठवू शकत नाही. टोळी कर्नाटकात जाणार आहे का, तेवढं आधी विचार. तिथे शाळा कानडी, कार्ड असून काय वाचशील? आणि आल्यावर वर्ष गेलंच, तर माझ्यासारखा सतरा नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, एवढ्यावर दहावीला बाहेरून बसता येतं. मी तसंच केलं. पण एकटीनं अभ्यास करणं फार जड जातं, बाळा. वर्गातली जागा सोडून ती वाट धरू नकोस.

सगळ्यात लहानग्याला कोण सांभाळणार, हाच मायचा खरा प्रश्न आहे, मला कळतं. माय ऊस तोडताना तो बांधावर झोपतो, आणि तू सोबत असलीस की तिचा जीव थाऱ्यावर राहतो. कारखान्याजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येतं, पण कोप्या लांब असल्या तर रोज नेणार कोण? यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मावशी या हंगामात घरीच आहे, तिला मी विचारलंय. ती नाही म्हणालेली नाही.

आणि एक. कुणी लग्नाचा विषय काढला, "जोडी झाली की पूर्ण कोयता" असं बोललं, तर त्याच दिवशी मला फोन कर. माझा लागला नाही तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला लाव, पैसे पडत नाहीत. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आबांशी मी बोलेन, तू मध्ये बोलू नकोस. तुझं सातवीचं गुणपत्रक, आधार आणि बँकेचं पासबुक तेवढं शोधून ठेव. पासबुक बहुतेक आजीच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे.