दारचें कुत्रें व त्याची लस

खेड्यांतील बहुतेक घरांच्या दारीं एकादें कुत्रें असतेंच. तें रात्रीं राखण करितें, धन्याबरोबर शेतावर जातें, आणि लेंकरें त्याच्या गळ्यांत हात घालून खेळतात. असें हें इमानी जनावर पिसाळलें, तर त्याच लेंकरांच्या जिवावर बेततें. ह्या रोगास डॉक्टर लोक रेबीज म्हणतात. त्याचा बंदोबस्त कोणाच्या हातीं आहे, ह्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

१. रोगाचें स्वरूप.— पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत अतिसूक्ष्म विषाणु असतात. तें चावलें, किंवा त्यानें उघड्या जखमेस चाटलें, म्हणजे ते शरीरांत शिरतात व मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे जातात. ह्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित् वर्षही लोटतें. मग रोग्यास पाणी गिळवत नाहीं, पाणी पाहूनच घशास आचके येतात, आणि थोड्याच दिवसांत मृत्यु येतो. लक्षणें दिसूं लागल्यावर खात्रीचा असा उपाय आजही नाहीं. जें करावयाचें तें त्यापूर्वींच केलें पाहिजे. माणसांस हा रोग शंभरांत नव्याण्णव वेळां कुत्र्यापासूनच होतो. तेव्हां पाणी जेथून फुटतें, तेथेंच बांध घातला पाहिजे.

२. लस काय करिते.— फ्रान्स देशांतील लुई पाश्चर ह्यांच्या देखरेखीखालीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास ह्या रोगाची लस टोचण्यास प्रारंभ झाला. त्यास पिसाळलेलें कुत्रें चावलें होतें, तो वांचला. हल्लीं कुत्र्यांस जी लस टोचतात, तींत बहुधा मारलेले विषाणु असतात. त्यांपासून रोग होत नाहीं, परंतु शरीर त्या शत्रूस ओळखूं लागतें, आणि पुढें खरा शत्रु आला तर त्यास वाटेंतच अडवितें. ही तयारी होण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून कुत्रें धडधाकट असतांनाच टोचून घ्यावें. पिलूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे त्यास गुरांच्या दवाखान्यांत न्यावें, दुसरी मात्रा केव्हां द्यावयाची तें डॉक्टरांस विचारावें, व त्यानंतर दरवर्षीं टोचून आणावें. मांजरासही हाच नियम आहे.

३. लोकांच्या हरकती.— कोणी म्हणतात, “पिलाच्या एवढ्याशा दातांनीं काय होणार?” रोग दातांत नसून लाळेंत असतो, व पिलूंही पिसाळतें. कोणी म्हणतात, “टोचल्यानें कुत्रें मंद होऊन राखण करीत नाहीं.” एकादा दिवस तें सुस्त राहील, इतकेंच. परंतु सर्वांत मोठी हरकत ही कीं, “हें कुत्रें आमचें नव्हे, वाडीचें आहे.” चार घरीं तुकडा खाणाऱ्या कुत्र्यास धनी कोणीच नाहीं, आणि चावतें तेव्हां मात्र तें चारही घरांस चावतें! ह्यास्तव आमचें सांगणें असें कीं, ज्याच्या हातची भाकरी कुत्रें खातें व ज्याच्या हाकेस तें येतें, त्यानेंच तें टोचण्यास न्यावें. परक्या माणसाच्या हातीं तें सांपडणार नाहीं.

४. मारून टाकणें हा उपाय नव्हे.— गांवचीं कुत्रीं मारलीं, तर त्या रिकाम्या जागीं बाहेरचीं, न टोचलेलीं कुत्रीं येतात. उलट, शंभरांतील सत्तर कुत्रीं टोचलेलीं असलीं, तर रोगास पुढें जाण्यास वाट उरत नाहीं. गोव्यांत हें प्रत्यक्ष घडलें. तेथें इ. स. २०१४ पासून घरोघर व रस्तोरस्तीं हजारों कुत्रीं टोचण्यांत आलीं, शाळांतील मुलांस शिकविण्यांत आलें, आणि २०१९ पर्यंत तेथें माणसांचे रेबीजचे मृत्यु थांबले.

५. कुत्रें चावल्यास.— जखम तत्काळ वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिजवर तिखट, चुना, हळद किंवा तेल लावूं नये. गंडेदोऱ्यांत वेळ दवडूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. रक्त निघालें असल्यास जखमेंत निराळें औषधही टोचावें लागतें. त्याविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. पोटांत चौदा सुया घेण्याचें भय आतां कोणी बाळगूं नये. ती जुनी लस इ. स. २००५ पासून आपल्या देशांत वापरांत नाहीं. हल्लीं दंडावर थोड्याच मात्रा देतात. परंतु नेमलेल्या तारखांपैकीं एकही चुकवूं नये. कुत्रें टोचलेलें असलें तरीही डॉक्टरांस दाखविल्यावांचून राहूं नये.

प्रश्न.— (१) विषाणु जखमेंतून मेंदूकडे कोणत्या वाटेनें जातात? (२) कुत्रें धडधाकट असतांनाच कां टोचावें? (३) वाडीचें कुत्रें कोणीं न्यावें, व कां? (४) जखम कशानें व किती वेळ धुवावी? (५) तुमच्या वाडींत कुत्रीं किती, व त्यांपैकीं ह्या वर्षीं टोचलेलीं किती? मोजून पुढील आठवड्यांत वर्गांत सांगा.