अंगणवाडीच्या अंगणात जगाची ओळख

लहान मुलांना जगातील विविधतेची ओळख करून द्यावयाची म्हटले, की पृथ्वीचा गोल आणि देशोदेशींच्या पोशाखांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु तीन ते सहा वर्षांच्या बालकाला दूरचा देश कळत नाही. शेजारी बसलेले मूल मात्र कळते. ओळखीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

गोदावरीकाठच्या गेवराई तालुक्याचे उदाहरण घेऊ. येथे गावांत मराठी, बंजारा तांड्यांवर गोरबोली आणि अनेक मुस्लिम घरांत दखनी बोलली जाते. एक बालक ‘आई’ म्हणते, दुसरे ‘याडी’, तिसरे ‘अम्मी’. तांड्यावरचे मूल अंगणवाडीत गप्प बसले, तर ते मंद आहे असा ग्रह सहज होतो. वस्तुतः त्याला शब्द परका असतो, समज कमी नसते. म्हणून सेविकेने तिन्ही शब्द सर्व मुलांकडून म्हणवून घ्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे.

येथून पुढे जगाकडे जाता येते. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत आईला ‘मामा’ म्हणतात, हे ऐकून मुले हसतील. तेव्हा त्यांना सांगावे, की आपला मिशाळ मामा ऐकून तिकडची मुलेही अशीच हसतील. हसणे दोन्हीकडून झाले, की त्यात हिणवणे उरत नाही.

दुसरा पाठ शिदोरीचा. आपल्या ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. सुदानमध्ये तिचे पीठ आंबवून ‘किस्रा’ नावाची पातळ पोळी करतात. भाकरीसोबतच्या चटणीतील मिरची आणि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडांतील. जग असे आपल्या ताटात आधीच येऊन बसले आहे.

तिसरा पाठ प्रवासाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर कोपीत राहून परतलेल्या मुलाची केवळ गैरहजेरी मोजू नये. त्याने पाहिलेला मुलूख व ऐकलेली कानडी त्याला सांगावयास लावावी. त्या दिवशी तोच वर्गाचा शिक्षक होय.

इटलीत जन्मलेली डॉ. मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांच्या अंगणापर्यंत नेली. बाहेरचे ज्ञान स्थानिक मातीत रुजविण्याचा हा वस्तुपाठ आहे. शेजारच्या मुलाची ‘याडी’ ज्याला आपली वाटली, त्याला पुढे जग परके वाटणार नाही.