मीठ पुरेसे, तरी क्लोरीन का टिकत नाही?

प्रश्न : दुबईत आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या पोहण्याच्या तलावात मे महिन्यापासून क्लोरीन शून्यावर येते. मीठ ३२०० पीपीएम आहे. आणखी घालू का?

उत्तर : नको, मीठ पुरेसे आहे. आधी सायन्युरिक आम्ल मोजा. कडक उन्हातले अतिनील किरण क्लोरीनचा काही तासांत फडशा पाडतात. हे आम्ल त्याला छत्रीसारखे जपते. ते ६० ते ८० पीपीएम ठेवा, मुक्त क्लोरीन ३ ते ५. आम्ल फार वाढले तर क्लोरीन मंदावते, मग थोडे पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. उन्हाळ्यात पंप जास्त तास चालवा, कारण पाणी वाहते तेव्हाच तलावाचे यंत्र मिठापासून क्लोरीन बनवते. आजची तूट सूर्यास्तानंतर द्रवरूप क्लोरीनने भरा. तोवर मुलांना पाण्यात अजिबात उतरवू नका.